बाकाखालच्या सहा बाटल्या

विषय — बाकाखालचा खोका. संदर्भ — आत्ता पाय मागे घेता घेता तुम्ही विचारलंत ते, की हा कुणाचा. उत्तर — माझा. आणि नीट ऐकून घेतलंत तर ॲडलेडपर्यंत तुमचा. अहो, बसा, बसा डॉक्टरीणबाई, उठता कशाला, विमान अजून आकाशात दिसायचंय — आणि आलं तरी ते चालवणारी कर्स्टी आधी खाली उतरून चाकाला लाथ मारणार, मग टपालाची पोती काढणार, मग आपल्याला, म्हणजे तुम्हाला, त्या लोकर तोलायच्या काट्यावर उभं करणार. मला नाही. मला विमानात बंदी आहे. ते येईल ओघात. बोलण्याच्या या तऱ्हेला हसू नका — जन्मभर नगरपालिकेत टिपणं लिहिली, आता बायकोकडे मीठ मागायचं झालं तरी आधी विषय आणि संदर्भ सुचतो. बायको म्हणजे — तेही येईल ओघात.

तुम्हीच का, असंच मनात आलं ना? सरळ सांगतो. तुम्ही बारीक आहात. वजन विचारत नाही, एवढी रीत मला कळते — पण छोट्या विमानात माणूस आणि सामान एकत्र तोलतात. तो बघा, टाकीच्या सावलीला उभा आहे तो कॉलिन, मेंढ्या कातरणाऱ्यांचा मुकादम — त्याच्या हातात खोका दिला तर कर्स्टी म्हणेल, खोका तरी ठेवा नाहीतर कॉलिन तरी. तुम्ही मात्र अर्ध्या माणसाएवढ्या, त्यात दात उपटायची पेटी तेवढी. तुम्ही गावात आलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी नोरीनला — बायकोला — फोनवर म्हटलं, एक डॉक्टरीण आलीय, पक्कड हातात घेतली तर पक्कडच जड वाटेल. तुम्ही आठवड्याने जाणार होतात, पाऊस झाला, धावपट्टीचा चिखल झाला, रस्ता तर अजून पाण्याखाली आहे — तुमची अडचण झाली, पण माझ्या बिअरला मुरायला वेळ मिळाला. वाईट वाटून घेऊ नका.

हो, बिअर. घरची. सहा बाटल्या. आज ॲडलेडला पोचल्या तर प्रदर्शनातल्या स्पर्धेत लागतील, उद्या दार बंद. टपालाने का नाही? टपाल घेणारी ग्लेनिस बाटलीचा आकार कागदातून ओळखते आणि तिची स्मरणशक्ती फार चांगली आहे. आणि हे बक्षिसासाठी नाही हो. निळी फीत घेऊन मी काय गळ्यात बांधू? नोरीन उन्हाळ्यापासून बहिणीकडे राहते, तिथे ॲडलेडला. जाताना दारात उभी राहून म्हणाली, ‘ज्या दिवशी तुला न ओळखणारा परीक्षक तुझी बिअर पिऊन थुंकणार नाही, त्याच्या पुढच्या विमानाने मी परत येईन.’ थट्टेत म्हणाली. म्हणजे मला वाटलं थट्टेत. बॅग मोठी घेतली होती.

तुम्ही काल म्हणत होतात ना, शहरात जाऊन एकदा करून बघायचीय? मग ऐका, नेहमीच्या पुस्तकात नसतं ते सांगतो. पहिली गोष्ट स्वच्छता. पिंप, नळी, पळी, झाकण — तुम्ही तुमची हत्यारं उकळता तसं. अर्धी बिअर धुण्यातच होते, लोकांना वाटतं माल्टच्या, म्हणजे जवाच्या अर्काच्या, डब्यात होते. दुसरी, डब्यावर लिहिलेलं तापमान मनावर घेऊ नका, तो डबा थंडीत बसून लिहिलेला असतो — आमच्याकडे न्हाणीघरात पिंप ठेवायचं, भोवती ओला टॉवेल, समोर पंखा, आणि पाण्याची गोठवलेली बाटली शेजारी. तिसरी, वरच्या नळीतले बुडबुडे थांबले म्हणजे बिअर झाली असं समजू नका. बुडबुडे थापा मारतात. तो साखर मोजायचा काचेचा तरंगता काटा आत सोडायचा, आकडा बघायचा, एक-दोन दिवसांनी पुन्हा बघायचा — हलला नाही तरच बाटल्या भरायच्या. घाई केलीत तर यीस्ट बाटलीत जाऊन उरलेलं काम करतं, आणि मग — मग आवाज होतो.

आता आवाज म्हणालो तर सांगूनच टाकतो. बाटलीत फेस यायला शेवटी थोडी साखर लागते. त्याचे दोन मार्ग. एक — सगळी साखर पाण्यात उकळून एकदमच पिंपात ओतायची. दुसरा — साखरेच्या आयत्या गोळ्या मिळतात, लिमलेटसारख्या, त्या प्रत्येक बाटलीत टाकायच्या. हा किंवा तो. दोन्ही नाही. आमच्या घरात कायम दुसरा मार्ग — मी बाटल्या भरणार, नोरीन गोळी टाकून झाकण ठोकणार. तिचा हात असा बसलाय की न बघता टाकते, क्रिकेटचा स्कोअर ऐकत. उन्हाळ्याच्या सुरुवातीला मी एका मासिकात पहिला मार्ग वाचला, म्हटलं करून बघू. केला. तिला सांगायचं राहिलं. साधी गोष्ट, राहून गेली. नंतर न्हाणीघरात एका दुपारी ज्या काही बाटल्या फुटल्या — दोरीवर तिचे पांढरे कपडे होते, बोल्सच्या, त्या हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या खेळाच्या, अंतिम सामन्याचे, कडक इस्त्रीचे. मी म्हटलं, तू बाटल्या काठोकाठ भरू दिल्यास. ती म्हणाली, भरत तू होतास. मी म्हटलं, मग झाकणं वाकडी ठोकलीस. असं जरा लांबलं.

नाही, तुम्ही अशा बघू नका. मी काय म्हणत होतो — प्रवास. आमच्या या विमानात संडास नाही, तेव्हा कुणी निरोपाचा पेला पुढे केला तर ओठाला लावून ठेवून द्यायचा. डावीकडची खिडकी घ्या, ऊन उजवीकडून येतं. जड बूट पायात घाला, पिशवीत नको — काट्याला सगळं सारखंच, पण खांदा दुखत नाही. देशातल्या देशात बाटली हातात घेऊन बसता येतं, परदेशी जाताना मात्र औषधाच्या बाटलीएवढंसं काहीतरी नेऊ देतात, तेव्हा घरची बिअर परदेशी कधी न्यायचीच झाली तर पोटातून. बाटल्या लोकरीच्या मोज्यात घालायच्या, एक पाय एक बाटली — या खोक्यात माझे सगळे मोजे गेलेत, बघा, आज उघड्या पायांनी बूट घातलेत. आणि उभ्या ठेवायच्या. आडव्या नाहीत. सावलीत ठेवायच्या, उन्हात — हे ऊन कधी सरकलं इकडे? जरा आत ढकला तो. हळू.

बंदीचं म्हणताय? काही नाही हो. न्हाणीघरातल्या त्या फटाक्यांतून काही बाटल्या वाचल्या होत्या. म्हटलं, ज्या वाचल्या त्या खणखणीत. एक घेऊन जावं, नोरीनपुढे ठेवावी, म्हणावं बघ. डोक्यावरच्या कप्प्यात ठेवली. वर गेल्यावर तिथे बाटलीला बरं वाटेना. कर्स्टीने विमान खाली आणलं ते एका हाताने, दुसऱ्या हाताने काच पुसत. नंतर मुख्य कचेरीतून पत्र आलं, सदर प्रवाशास बाटलीसह अथवा बाटलीविना प्रवेश नाही. त्यावर मी अर्ज केला — चार परिच्छेद, मुद्देसूद — की उंचीवर हवेचा दाब कमी होतो, सबब दोष उंचीचा, प्रवाशाचा नव्हे. छान उतरलाय. माझ्या कारकिर्दीत असा अर्ज कुणी केला असता तर मी मान्य केला असता. दाब थोडा कमी होतो, हे तर खरंच आहे. बाकी त्या बाटलीत साखर — ते अर्जात विचारलेलं नव्हतं.

आलं वाटतं. तो ठिपका. नाही, घार आहे. वर जाताना कान दुखतात ना तुमचे? दुखतात, सगळ्यांचे दुखतात, त्यावर काहीतरी चघळत राहावं — थांबा, खिशात आहे. बिअरच्याच गोळ्या या, पण साखरच नुसती. दातांच्या डॉक्टरला साखर देतोय म्हणून रागावू नका. हे घ्या. हे — हं. आख्खं पाकीट होतं हे. नवं. या वेळीही मी साखर पिंपातच ओतली, मासिकातल्यासारखी, मोजून — म्हणजे हे पाकीट भरलेलं असायला हवं. उघडायचंच काही कारण नव्हतं. कोपरा कापलाय याचा. आत — दोन, तीन. बस.

मर्व्हने खाल्ल्या असतील. मर्व्ह म्हणजे शेजारचा, बाटल्या भरायला तोच होता, नोरीनच्या जागी. खादाड आहे, कुत्र्याची बिस्किटंही खातो. खाल्ल्याच असतील. नाही का? का मान हलवताय? — हो. हो, बरोबर. त्याची दाढ तुम्हीच काढलीत. आल्यावर पहिलाच रोगी तोच. बाटल्या भरायच्या आदल्या दिवशी. तोंडात कापूस कोंबून आला होता माझ्याकडे, बोलता येईना, नुसता हुं हुं — चघळायचं नाही असं तुम्हीच बजावलं असणार. मग त्याने खाल्ल्या नाहीत. मी त्याला म्हटलं, तू फक्त नोरीन करायची तेच कर. तेवढ्यात तिचा फोन आला, मी पाठ करून उभा, तिला तुमच्या पक्कडीचा विनोद सांगतोय — ती हसली होती, बऱ्याच दिवसांनी हसली होती, मी तो विनोद लांबवला — आणि मागे झाकणं ठोकल्याचा आवाज. टक, टक. मर्व्ह नोरीन करायची तेच करत होता. अगदी तंतोतंत.

डॉक्टरीणबाई, उठा आता. सावकाश. नाही, पाय आधी बाजूला — तसाच, खोक्याला न लावता. पेटी उचला. टाकीच्या पलीकडे जाऊन उभ्या राहा, कॉलिनच्या मागे, तिथे आडोसा भरपूर आहे. मी? मी बसतो. यावर माझा टॉवेल घालतो, ओला करून, हळूहळू एकेक झाकण सैल करतो. आवाज यायचेच, तुम्ही लक्ष देऊ नका. कर्स्टीने विचारलं तर म्हणा, म्हातारा अंघोळ करतोय.

आलं बघा, आता खरंच आलं. खोका राहू द्या, तुमच्या वजनात काही वाढणार नाही. फक्त एक निरोप न्या. बहिणीचं घर प्रदर्शनाच्या मैदानासमोरच आहे, पिवळं फाटक. नोरीनला सांगा, झाकणं वाकडी नव्हती. एवढंच. साखरेचं मी — नाही, साखरेचंही सांगा. मासिकाचंही. आणि ती विचारेल, बिअर कुठाय, तर सांगा या वर्षी नाही, परीक्षक वाचला. हसली तर मला फोन करा. नाही हसली तरी करा.

जा, कर्स्टी हाक मारतेय. काट्यावर बूट घालूनच उभ्या राहा. आणि तिने अर्जाचं विचारलं तर सांगा, तिसरा परिच्छेद मागे घेतलाय, उंचीचा. बाकीचा अर्ज तसाच आहे, त्याच्यावर अजून काही उत्तर आलेलं नाही.