चेन पाठीवर

…आणि वर लोक मला विचारतात, "मासे कसे होते?" मासे! अहो, चौदा तास विमानात मधल्या सीटवर बसून गेलेल्या माणसाला मासे विचारता? बरं, नुसता बसलो असतो तरी हरकत नव्हती, पण मानेपासून घोट्यापर्यंत अंगात रबरी सूट, पाण्याखाली घालतात तो, चामडीसारखा चिकटलेला, त्यावर शर्ट, त्यावर पँट… आणि चेन पाठीवर!

तुम्हाला सांगतो, सगळं सुरू झालं लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसापासून. मी म्हटलं, साडी घे. बायको म्हणाली, "मला समुद्राखाली जायचंय. स्कूबा डायव्हिंग." पंचवीस वर्षांत बाईनं पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं, नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? आता आमचे साडू हे तीनदा करून आलेले, बारशालाही तेच सांगतात. म्हणाले, "राव, तुमच्या मापाचा सूट तिथे मिळायचा नाही. माझा घेऊन जा. पण जपून हं, ओरखडासुद्धा नको!" साडूकडून उसनी आणलेली वस्तू म्हणजे वस्तू नसते हो, जन्मभर ऐकून घ्यायची सोय असते!

विमानतळावर काउंटरवरची मुलगी गोड आवाजात म्हणते, "सर, बॅग तीन किलो जास्त आहे. काढा काहीतरी." झालं! भर रांगेत बॅग उघडली, मागे साठ माणसं माझे लेंगे बघतायत, आणि बायकोला सुचलं. "अहो, सूट अंगातच घाला ना! अंगातलं कुणी मोजत नाही." किती सोपं! टॉयलेटमध्ये तो सूट चढवताना माझ्या शरीराची जी काही दशा झाली ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, सांगणारही नाही. बाहेर आलो, तर बायकोनं माझ्या कमरेला गुडघा लावला. "श्वास आत घ्या!" घेतला. "पोट आत घ्या!" आत जागा कुठाय? तिनं दात-ओठ खाऊन ओढली चेन, खर्रर्र… आणि मधेच थांबली. माझा बनियन अडकला! वर जाईना, खाली येईना. "राहू द्या, आत बसल्यावर काढू, चला, नावं पुकारतायत!"

तपासणीवाल्यानं छाती चाचपली. रबर. पोट चाचपलं. रबर. "हे काय आहे?" म्हटलं, "मी आहे." "आणि आत?" "आतही मीच!" त्यानं दुसऱ्याला बोलावलं, दोघांनी मिळून मला कणकेसारखा मळला, पण चेनीला हात लावेल तर शपथ!

आता सीट. कॉम्प्युटरनं आमची ताटातूट केलेली. मी सतराव्या रांगेत मधे, बायको एक्केचाळिसाव्या रांगेत खिडकीशी. माझ्या डावीकडे एक पैलवानासारखा गृहस्थ, त्याचा कोपर माझ्या फासळीत. उजवीकडे एक आजीबाई, हनुवटीपर्यंत ब्लँकेट ओढून मला म्हणतात, "फारच गार आहे नाही हो?" गार! इकडे माझ्या पाठीवरून घाम निघतोय, कमरेपर्यंत जातोय, आणि तिथे साठतोय, कारण जाणार कुठे? हवाई सुंदरी आली, "सर, ज्यूस? पाणी? चहा?" मी नुसती मान हलवतोय. कारण त्या सूटला पुढून एक फट नाही! आत घेतलेलं बाहेर काढायचं कसं? सगळा कारभार बंद… आणि चेन पाठीवर!

मग मी बेल दाबली. "एक्केचाळीसच्या खिडकीत माझी बायको आहे, तिला जरा हाक मारा." बिचारी झोपलेल्या दोघांना ओलांडून आली. "काय झालं?" म्हटलं, "ओढ." तिनं ओढली. चेन तिथेच, मीच मागे गेलो. आजीबाई घाबरल्या, "यांना झटका आलाय का?" एवढ्यात पट्ट्याचा दिवा लागला, बसा म्हणे सगळे. दहा मिनिटांनी पुन्हा बेल. पुन्हा बायको. पुन्हा ओढाओढ. सतरा वेळा बोलावली हो मी तिला! एकदा तर अजून किती तास उरलेत ते विचारायला. तसं ते समोरच्या पडद्यावर दिसत होतं, पण तिला विचारल्याशिवाय मला काही खरंच वाटत नाही, त्याला मी काय करू? तिनं म्हणे एक सिनेमा लावला होता. त्यात कोण कुणाचा नवरा ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

नवव्या तासाला त्या हवाई सुंदरीलाच दया आली. प्रथमोपचाराच्या पेटीतून कात्री घेऊन आली. "सर, कापू का?" अहो, त्या क्षणी ती मला मधोमध कापते म्हणाली असती तरी हो म्हटलं असतं! म्हटलं, "काप बाई!" तेवढ्यात मागून बायको, "खबरदार! ताईला काय तोंड दाखवू मी?" मुलीनं एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि कात्री मुकाट्यानं पेटीत ठेवली. आणि खरं सांगू? मलाही हायसं वाटलं! साडूची एवढी धास्ती! मग स्वतःचीच एवढी कीव आली ना… पन्नाशी उलटलेला माणूस, ब्लँकेटमध्ये तोंड घालून रडलो. तेवढंच काय ते पाणी बाहेर पडायला वाट होती!

पोचलो. डायव्हिंग शिकवणारी मुलगी, माझ्या लेकीच्या वयाची. तिनं मानेतून साबणाचं पाणी ओतलं, बनियनला एक हिसका दिला, सुर्र… तीन सेकंद! वर विचारते, "काका, विमानात साबण नव्हता का?" पाठ बघून म्हणाली, "केवढं पुरळ आलंय! तुम्हाला आठ दिवस खारं पाणी बंद." म्हणजे मी किनाऱ्यावर. चपला राखत.

बायको भाड्याचा सूट घालून गेली. अर्ध्या तासानं वर आली, तर चेहरा असा उजळलेला, अहो, मी तो चेहरा लग्नाआधी बघितला होता. मी विचारलं, "काय काय बघितलंस? मासे?" म्हणाली, "असतील. अहो, अर्धा तास मला कुणी हाकच मारली नाही!"

मला ते लागलं. खरंच लागलं. टॉवेल कुठाय, चष्मा कुठाय, मोज्याचा दुसरा पाय कुठाय… पंचवीस वर्षं माझं तोंड बंद म्हणून नाही. तिथेच, हातात तिच्या चपला धरून ठरवलं, परतताना हिला एक हाक मारायची नाही. जीव गेला तरी.

परतताना बॅग पुन्हा जड. ताईसाठी भेटी! सूट पुन्हा माझ्या अंगात. या वेळी बनियन घातला नाही, म्हटलं काय अडकेल ते बघू… तर माझी कातडीच चेनीत! पुन्हा ती मागे, मी पुढे, मधल्या सीटवर. टॉयलेटात साबण होता हो, पण हात पोचायला नको? कारण चेन पाठीवर! बेल बोटाखाली होती. दाबली नाही. चौदा तास डोळे मिटून, मुठी आवळून बसलो. ती तिकडे सुखानं सिनेमे बघत असेल, एवढ्या एका विचारावर तग धरला.

विमान उतरलं. माणसं बॅगा काढतायत, त्यांच्यातून वाट काढत ती आली. तोंड हे एवढं फुगलेलं. म्हणाली, "चौदा तास! एवढ्या चौदा तासांत एकदाही हाक मारली नाहीत! बायको मागे आहे की मधेच उतरली, बघावंसंही वाटलं नाही तुम्हाला?"

म्हटलं, "चुकलं." आणि पाठ तिच्याकडे केली.