तुझी मर्जी

साल १९८२. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. पाऊस मात्र आला नव्हता. टँकरच्या रांगेत माझ्या पुढे दोघी मायलेकी घागरी घेऊन उभ्या होत्या. मार्थाबाई आणि तिची नर्स झालेली लेक सलोमी. नावं मला नंतर कळली.

"माहूरकडं जातीस? महारोग्यांच्या दवाखान्यात?"

"हाव, माय. तिथं नर्स न्हाई."

"अन् सायमन? पुढल्या महिन्यात लगीन हाय तुझं!"

"त्याला सांगितलं."

"काय म्हणला?"

"रडला. मी बी रडले."

"मंग कशाला जातीस? तुझा जीव हाय ना त्याच्यावर?"

"लई हाय."

"तरी बी?"

"तूच रोज प्रार्थनेत म्हणतीस, देवा, माझी न्हाई, तुझी मर्जी होऊ दे."

"अगं येडे, ते म्हणायचं असतं!"

"मी खरं धरलं, माय."

"आग लागो माझ्या तोंडाला. सरकव घागर पुढं."

सायमनने दोन वर्षं वाट पाहिली आणि उदगीरला लग्न केलं. सलोमी माहूरकडेच म्हातारी झाली. मार्थाबाईची आणि माझी त्याच रांगेत मैत्री जुळली. तिच्या शेवटच्या आजारात मी तिच्या उशाशी बसायचे. ती रोज प्रार्थना करायची. 'देवा, माझी न्हाई' इथवर आली की थांबायची. बराच वेळ थांबायची. मग पुढचं म्हणायची.