साबिनाच्या परसातला ओका

(पेरूमधलं, कुस्कोच्या वरच्या डोंगरातलं एक गाव. ओका नावाच्या कंदांच्या काढणीचे दिवस. घरामागच्या परसात कंद भाजायला रचलेली ढेकळांची भट्टी धुमसते आहे.)

नेलिदा : आई, थांब, काठी सोडू नकोस! आणि हा कोण माणूस आपल्या परसात खणतोय?

साबिना : कोण काय, निकानोर आहे, शेजारचा. लहानपणी ह्यांच्या गाढवावरनं उतरायचं नाव घ्यायची नाहीस, विसरलीस? पण अहो निकानोर, हे काय? पाय मोडून गेले मी इथनं, तेव्हा नुसतं तण होतं.

निकानोर : ओका आहे.

साबिना : ते दिसतंय. पाय मोडला होता माझा, डोळे नाही. कुणाचा ओका?

निकानोर : तुमचाच. माळ्यावर गवतात बी ठेवलं होतंत ते.

साबिना : माझ्या माळ्यावर चढलात?

निकानोर : किल्ली तुम्हीच दिलीत. कोंबड्यांना दाणे घालायला.

साबिना : कोंबड्या माळ्यावर राहतात का?

निकानोर : एक चढली होती. तिला उतरवायला गेलो, तर कंदांना कोंब फुटलेले. सगळे झरोक्याकडं तोंड करून. तसंच ठेवून उतरवेना.

नेलिदा : काका, उपकार झाले तुमचे. पण आम्ही राहायला नाही आलो. घर बंद करायचं आणि उद्याच्या ट्रकने परत. लिमामध्ये आईची खोली तयार आहे, डॉक्टर हाकेच्या अंतरावर आहे. आई, तू कळवलं नव्हतंस यांना?

साबिना : कळवणारच होते. आधी ह्यांनी काय घोटाळा केलाय तो तर बघू दे. अगंबाई! लाल आणि पिवळा एकाच सरीत?

निकानोर : मला सारखेच दिसले.

साबिना : सारखे! माझ्या आईनं जन्मभर वेगळे ठेवले, मी ठेवले, आणि ह्यांना सारखे दिसले! आणि हा वेल? माझ्या ओक्यात ही माश्वा कुणी घुसवली?

निकानोर : मी. कीड लागू नये म्हणून. तिचा वास किड्यांना खपत नाही.

साबिना : मलाही खपत नाही. नेलिदा, ह्यांची तोरिबिया जिवंत होती तोवर हा माणूस माश्वेच्या कंदाला शिवायचा नाही. बायको असलेल्यानं खायची नसते म्हणे, अंगातली आग विझते. आणि आता? रोज उकडून खातात!

नेलिदा : आई!

साबिना : आई काय? सगळ्या गावाला ठाऊक आहे.

निकानोर : लघवीच्या त्रासाला चांगली असते.

साबिना : हो तर, लघवीच्याच! बरं, भट्टी उकरायला घ्या, भाजलं असेल. मी मिरचीचा ठेचा वाटून आणते.

नेलिदा : तू बस, मी वाटते.

साबिना : तुम्ही मिक्सरवाल्या. माझ्या पाट्याला हात लावू नकोस.

नेलिदा : बघा, गेली तरातरा. काठी इथंच टाकून! काका, खरं सांगा, एवढं सगळं कशाला लावलंत? तुमचं शेत काय कमी आहे?

निकानोर : परत आल्यावर तिनं विचारलं असतं, बी कुठाय म्हणून.

नेलिदा : ती परत येणारच नव्हती.

निकानोर : ते मला कुणी बोललं नाही.

नेलिदा : फोन करायला हवा होता मी. चुकलंच. पण काका, तुम्हीच ना तिला पाठीवर घेऊन खाली रस्त्यापर्यंत गेलात? मग तुम्हीच सांगा, पुन्हा पडली तर? मी लिमाहून येईपर्यंत काय होऊन बसेल?

निकानोर : बरोबर आहे तुझं.

नेलिदा : अहो, भांडा की थोडं! बरोबर आहे म्हणालात की मला पुढे बोलताच येत नाही.

निकानोर : काय भांडू पोरी? तू लेक आहेस तिची.

नेलिदा : गच्चीवर बादलीत ओका लावला होता तिनं. तिकडे ऊन कुठलं, सारखं धुकं. पालाच पाला आला. उपसून बघितला तर कंद वाटाण्याएवढे. ते तळहातावर घेऊन माझ्या पोरांना दाखवत फिरली. पोरं हसली, तीही हसली. मग न्हाणीत गेली आणि नळ सोडून बसली. पाणी वाया घालवतेस म्हणून मी बाहेरून ओरडले. बाहेर आली तर डोळे सुजलेले.

निकानोर : पाण्याचे हाल असतील तुमच्याकडं.

नेलिदा : आहेत ना. तरी ओरडायला नको होतं. काका, सरळच विचारते. ती इथं असावी असं वाटतं तुम्हाला?

निकानोर : तिच्या चुलीचा धूर दिसला की मी उठायचो. ती गेल्यावर उठावंसंच वाटेना. मग ओका लावला. खुरपायला तरी उठावं लागायचं. एवढंच.

साबिना : एवढंच काय? माझ्यामागं काय शिजतंय?

नेलिदा : आई, पुढच्या लावणीचं बी निवडायला किती दिवस लागतात?

साबिना : आधी ऊन दाखवायचं, मग निवडायचं, त्यात ह्यांनी केलेली खिचडी सोडवायची. वेळ लागतो बाई. पण तुला काय करायचंय? उद्या तर ट्रक आहे आपला.

नेलिदा : माझा आहे. तुझा नाही.

साबिना : काय म्हणतेस? आणि पाय?

नेलिदा : पाय तुझा, तू सांभाळ. पण ऐक. उतारावरच्या शेतात पाऊल टाकायचं नाही. फक्त हे परस. काका, पाणी तुम्ही आणायचं. कुस्कोला डॉक्टरकडे तुम्ही न्यायचं. सकाळी धूर दिसला नाही तर वाट बघत बसायचं नाही, दार ठोकायचं.

निकानोर : ठोकीन.

साबिना : मला कुणी विचारणार आहे का?

नेलिदा : विचारते. राहशील?

साबिना : धर हा ठेचा. कंद गार होतील.

नेलिदा : आई, रडतेस?

साबिना : मिरची झोंबली. हा ओका घे, लाल आहे, बघ कसा फुटलाय साखरेसारखा. पोरांना घेऊन ये सुट्टीत. खरा ओका केवढा असतो ते त्यांच्या हातानं उपसू देत.

नेलिदा : आणते. नक्की आणते.

साबिना : आणि तुम्ही काय पाहुण्यासारखे उभे, निकानोर? धूर खाताय तिथं. इकडं सरका. ऊब या बाजूला आहे.