नवीकोरी वस्तू

असुन्सियोनमधल्या कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या रांगेत माझ्यापुढे एक नवरा-बायको उभे होते. तिच्या काखेत तेरेरेचा, म्हणजे तिथल्या थंडगार हर्बल चहाचा, थर्मास, त्याच्या काखेत कॉम्प्युटर.

"संध्याकाळी नवरी लग्नाची फिल्म न्यायला येतेय, सेल्सो! आणि हे सारखं तापून बंद पडतंय."

"पेस्ट मी नीट लावली, निमिया. प्रोसेसरवर मधोमध, वाटाण्याएवढी. वर त्याला गार ठेवणारा नवा कूलर घट्ट बसवला."

"मग तापतंय कशानं? माझ्या रागानं?"

"तेही असेल."

काउंटरवरच्या बाईंनी कूलर उचकटला. "पेस्ट झकास आहे हो. पण कूलरच्या बुडाचं प्लास्टिक कोण काढणार? उष्णता जाणार कुठून? थांबा, पुसून पुन्हा लावते. संध्याकाळच्या आत होईल."

"प्लास्टिक तसंच ठेवलंस?"

"नवी वस्तू. खराब होऊ नये म्हणून."

"गाढवा! प्लास्टिकसकट वस्तू वापरतं का कुणी?"

"तुझी आई. आपल्या लग्नात तिनं घेतलेला सोफा अजून प्लास्टिकमध्ये आहे. उन्हाळ्यात उठताना मांड्या सोलून निघतात माझ्या."

"आईला मध्ये आणू नकोस."

"बरं. रविवारी तिच्याकडे जेवायला जाऊ, तेव्हा तेही प्लास्टिक काढून टाकू."

"हात लावून तर बघ, सेल्सो! नवा आहे तो सोफा."