संदर्भदाब आणि ओले फडके

चूक माझीच होती, म्हणून सांगतो. लातूर जिल्हा नवा होता आणि दुष्काळ पडलेला. विहिरीतले पाणी मोजणारे, अत्यल्प विजेवर चालणारे डब्याएवढे यंत्र मी नांदेडला रचले. मोजमाप ज्याच्याशी ताडायचे, तो संदर्भाचा विद्युतदाब उष्णतेने ढळता कामा नये. मी तो वाळ्याच्या पडद्याआड, गारव्यात तपासला. चाकूरकडच्या उन्हात तो ढळला, यंत्राने पाणी वाढवून दाखवले आणि गावाचा टँकर बंद झाला.

मी गेलो तेव्हा विहीर राखणाऱ्या गंगाबाई म्हणाल्या, “साहेब, दुपारी तुमच्या डब्यात लई पानी असतंय. हिरीत न्हाई.”

“डब्यावर ओले फडके ठेवा, मग तो खरे सांगेल.”

“किती पानी लागंल?”

“तासाला तांब्याभर.”

“म्हंजी आधी डब्याला पाजायचं, मंग लेकरांना?”

कचेरी यंत्राचाच आकडा मानत होती; टँकर परत मिळवायला दुसरा मार्ग सुचेना. मी ‘हो’ म्हणालो.