नेव्हेनाची चिठ्ठी

प्लेव्हेनच्या दवाखान्यात रक्तदाब तपासायला बसलेल्या स्तोयांका आजींच्या पुढेच त्या मायलेकींचा नंबर होता.

"आई, खेळाच्या तासाला सूट नको मला. डॉक्टरांची चिठ्ठी नको."

"अगं नेव्हेना, परवा तर रडून घर डोक्यावर घेतलंस!"

"तेव्हा जुने सर होते. दोन कप्तान एकेकाला निवडायचे. मी कायम शेवटी उरायचे."

"आणि आता?"

"नव्या बाई नावाच्या सणावरून संघ करतात, म्हणजे आपल्या नावाच्या संताचा दिवस कधी येतो त्यावरून. ज्यांचा हिवाळ्यात ते इकडे, बाकीचे सगळे तिकडे. मग उरतंय कोण?"

"जिंकलात का?"

"छे! सात-शून्यनं हरलो. पण सगळे मिळून हरलो!"

आई हसत उठली.

"आजी, आमचा नंबर तुम्हीच घ्या."