मावशींच्या खिडकीतला फोन

लिफ्ट वरच्या मजल्यावर रुसून बसली होती, म्हणून रांगेत पुढे उभ्या असलेल्या दोघांचं बोलणं मला फुकटात ऐकायला मिळालं. एक साहेब आणि त्यांच्या हाताखालची, सॉफ्टवेअर तपासणारी बाई. नकाशावर पुराची हद्द आखली, की तिच्या आतले सगळे मोबाईल वाजणार, असं त्यांचं सॉफ्टवेअर.

“अहो, चाचणीला ठेवलेले बाकीचे सगळे फोन वाजले ना? एका फोनसाठी काय अडून बसताय!”

“तो एक नदीकाठी आहे, साहेब. इस्त्रीवाल्या मावशींच्या खिडकीत. तिथे पलीकडच्या काठाचा टॉवर लागतो, म्हणून आपलं सॉफ्टवेअर त्यांना हद्दीबाहेर काढतं.”

“मग तो फोन जरा अलीकडे ठेवून तपासा.”

“फोन ठेवीन हो. घरं कोण उचलून आणणार?”

“उद्या उद्घाटन आहे. पाहुण्यांना बोलावणी गेलीत.”

“पाहुण्यांना म्हणावं, नदीकाठी उभे राहू नका.”

“जीभ फार चालते तुमची. या कामावरून काढीन!”

“काढा. जाता जाता नापासच लिहून जाईन.”

“बरं, मी दुसऱ्याकडून तपासून घेतो. तो फोन तेवढा परत आणून द्या.”

“मी नाही आणणार. हा वाजला की नातवंडांना घेऊन टेकडीवर जायचं, असं मावशींना सांगून आलेय मी. तुम्ही जा, त्यांच्या हातातून तो काढून घ्या, आणि पाणी आलं तरी त्यांना कळणार नाही, हेही तुम्हीच सांगा.”